कच्ची दाखव

मेश्राम मॅडम दार कधीच पूर्ण उघडत नसत. साखळी लावलेलीच, फटीतून चष्म्याची एक काच दिसायची, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "कोण? एकटी आहे का सोबत कोणी?" आपण नाव सांगायचं, एकटीच आहे म्हणायचं, तरी त्या आपल्या खांद्यावरून गल्लीत नजर फिरवून घ्यायच्या. गुढियारीतली भरवस्तीतली गल्ली ती, पलीकडे रेल्वेची लाईन. संध्याकाळी पाच वाजता तिथं काय दरोडा पडणार होता? पण मॅडमचा कशावरच भरवसा नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, सिलिंडरवाल्यावर नव्हता. पेपर आला की त्याची तारीख आधी भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहायच्या, मगच वाचायला घ्यायच्या. "कालचाच टाकून जाते तो," म्हणायच्या.

मी त्यांच्याकडे कशी गेले ते सांगूनच टाकते, म्हणजे माझीही लाज एकदाची निघून जाईल. समता कॉलनीत एका दातांच्या डॉक्टरकडे मी रिसेप्शनवर बसते. तेव्हा नवीनच लागले होते. डॉक्टर म्हणाले, रंजना, इथे दात साफ करून मिळतात असा इंग्लिशमध्ये एक कागद बाहेर लाव. मी मोठमोठ्या अक्षरांत टूथला एस लावून 'टूथ्स' लिहिलं आणि पुढे 'इज' ठोकून दिलं. एका पेशंटच्या पोट्टीनं त्याचा फोटो काढून कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. पुढचे आठ दिवस लोक दात दाखवायला कमी आणि दात काढायला जास्त यायचे. डॉक्टर बिचारे काही बोलले नाहीत. बोलली ती आई. "बारावी झाली ना तू? मेश्राम मॅडमकडे जा. बाई खडूस आहे, पण तिच्या हाताखालून गेलेला माणूस इंग्रजीत मार खात नाही."

मॅडम सरकारी शाळेतून रिटायर झालेल्या. गाव छत्तीसगढातलं, म्हणून क्लासमध्ये हिंदी बोलायच्या, आम्हा मराठी लोकांशी मराठी, आणि मराठी म्हणजे आमची नागपूरकडची मले-तुलेवाली. आम्ही आठ-नऊ जण होतो, सगळी नोकरीधंद्याची मोठी माणसं. आत शिरलं की आधी फोन काढून द्यायचा. मॅडम ते सगळे फोन तांदळाच्या डब्यात टाकायच्या, झाकण लावायच्या आणि डबा मांडीशी घेऊन बसायच्या. मधूनच डबा वाजायचा. कोणाची आई, कोणाचा मालक, तांदळातून हाका मारून राहिले. मॅडम ढुंकूनही पाहायच्या नाहीत. "आजकाल फोनच इंग्लिश लिहून देते," त्या म्हणायच्या, "मंग डोकं कायले आणलं घरून?"

शिकवण्याची रीत पोलिसाची. क्रियापदाला हात लावायचा नाही, आधी कर्त्याला धरायचं. कोण आहे, एकटा आहे की टोळी आहे, का वेष बदलून आला आहे, ते पाहायचं. न्यूज हा ढोंगी, मागे एस लावून गर्दी असल्याचं दाखवतो, पण आहे एकटा. पीपल दिसायला साधा, पण आत अख्खा मोहल्ला भरलेला. सिझर्स म्हणजे कात्री तर पक्की डांबरट, हातात एक आणि कागदोपत्री दोन. एव्हरीवनवर त्यांचा विशेष राग होता. "नावात सगळे, अन् कामाले एकटा. असे लोक समाजात भी कमी नाहीत," म्हणायच्या. आणि वाक्यात 'वन ऑफ द' आलं की हवेतच मूठ आवळायच्या. "गर्दीतून एकाची कॉलर धरून त्याले बाहेर काढलं ना? मंग आता गर्दीकडे पाहायचं नाही. पुढची सगळी चौकशी त्याच्या एकट्याची."

तुम्हाला हसू येईल, आम्हालाही यायचं. पण आजही क्लिनिकच्या पाटीवर काही लिहायला घेतलं की क्रियापदाच्या आधी माझा हात थबकतो.

मॅडमची खरी ओळख मात्र कच्ची वही. प्रत्येकानं दोन वह्या आणायच्या. पक्क्या वहीत गृहपाठ, आणि कच्च्या वहीत तो गृहपाठ करताना झालेली सगळी खोडाखोड. पक्की वही त्या आधी उघडायच्याच नाहीत. हात पुढे करायचा आणि म्हणायचं, "कच्ची दाखव." मग एकेक खोडलेली ओळ उजेडाकडे धरून, रेघोट्यांच्या खाली काय लिहिलं होतं ते वाचायच्या. "बरोबर उत्तर फोनमध्ये फुकट भेटते. चूक मात्र ज्याची त्यालेच करा लागते. मी चुकीवर विश्वास ठेवते, उत्तरावर नाही."

ऐकायला किती छान वाटतं ना? आता आम्ही काय करायचो ते ऐका. गृहपाठ फोनवरून काढायचो, पक्क्या वहीत उतरवायचो, आणि मग निवांत बसून कच्च्या वहीत चुका तयार करायचो. इथे 'आर'च्या जागी 'इज' घाल, तिथे एस गाळ, मग खोड आणि बाजूला बरोबर लिही. क्लिनिकमध्ये पेशंट नसले की माझा हाच उद्योग. पहिल्यांदा फार ढोबळ चुका केल्या, तर मॅडम म्हणाल्या, "इतकी ढ तर तू नाही." तेव्हापासून मी बेतानं चुकायला लागले. एकदा एव्हरीवनपुढे 'आर' लिहून खोडलं, तर मॅडम त्या चुकीवर खूश झाल्या. बेतानं चुकायला व्याकरण नीट यावं लागतं, त्यामुळे त्या लबाडीतच मी थोडंफार शिकले, ही त्यातली गंमत. सगळा क्लास हेच करायचा. ज्या बाईनं जन्मात कोणावर विश्वास टाकला नाही तिला आम्ही खोट्या चुकांनी बनवत होतो, आणि बाहेर येऊन वर हसायचो. आज त्याची लाज वाटते. तेव्हा अजिबात वाटली नाही.

एकदा माळ्यावरची पेटी उतरवायला मॅडमनी मला बोलावलं. पेटीत सुतळीनं बांधलेल्या जुनाट वह्यांचे गठ्ठे.

"ह्या कोणाच्या, मॅडम?"

"माह्या. शाळेतल्या. सगळ्या कच्च्या आहेत."

"इतकी वर्षं काहून ठेवल्या?"

"कोणी विचारलं तर दाखवायले."

"आता कोण विचारणार आहे?"

"विचारलं होतं एकदा," मॅडम म्हणाल्या. दहावीत त्यांनी इंग्रजीत निबंध लिहिला होता. मास्तर म्हणाले, लाईनीपलीकडच्या वस्तीतली पोट्टी, अन् असा निबंध? कोणाचा उतरवला? सगळ्या वर्गासमोर तासभर उभं केलं. त्या दिवशी मॅडमकडे दाखवायला काहीच नव्हतं. इतकं सांगून त्यांनी हवी होती ती वही काढून घेतली आणि म्हणाल्या, "ठेव आता पेटी वर. नीट ठेव, मी पाहून राहिली."

आता तिहारूचं सांगते, कारण मॅडम आठवल्या की तो आठवतोच.

तिहारू देवांगन उरल्याच्या कारखान्यांच्या भागात एका रोलिंग मिलमध्ये, म्हणजे लोखंड तापवून लाटतात तिथे, भट्टीवर होता. चाळिशीतला, सुकलेला माणूस. लोखंडाची धूळ कितीही धुतली तरी कानामागे राहिलेली असायची. वीस वर्षं तो तापलेलं लोखंड पाहत आला होता, आणि आता डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, भट्टीसमोरून हट, नाहीतर आहे तेवढी नजरही जाईल. पण हटून जायचं कुठे? मिलमध्ये त्याच्याजोगी एकच जागा निघणार होती. टेबलाशी बसायचं आणि पाळीत काय काय झालं त्याचा रिपोर्ट इंग्लिशमध्ये लिहायचा. त्यासाठी लेखी परीक्षा होती. पास झाला तर टेबल, नाही तर पुन्हा भट्टी. क्लासमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. मॅडमलाही.

सुरुवातीला त्याला एकवचन-अनेकवचन हे काय लफडं आहे तेच कळेना. मॅडमनी विचारलं, "घर में बच्चे को क्या बोलते हो?"

"लइका."

"और चार बच्चे हों तो?"

"लइकामन," तो त्याच्या छत्तीसगढीत म्हणाला.

"बस. तुम्हारा जो मन है, वही अंग्रेजी का एस है. लेकिन हर जगह नहीं लगता. कहाँ नहीं लगता, उस पर नजर रखो."

त्यानं खरोखरच नजर ठेवली. पहिला महिनाभर मॅडम वर्गातच लिहून घ्यायच्या आणि त्याचं पान चुकांनी भरलेलं असायचं, म्हणून मॅडम त्याच्यावर खूश. मग एक दिवस त्यानं घरून पानभर शिफ्टचा रिपोर्ट लिहून आणला. ट्रक किती आले, कोणता रोलर बंद पडला, सगळं. पानभर एकही चूक नाही.

मॅडमनी हात पुढे केला. "कच्ची दिखाओ."

"कच्ची नहीं है, मैडम."

"क्यों नहीं है?"

"लोहे की प्लेट पर लिखता हूँ. चॉक से. चाय की छुट्टी में. गलत होता है तो पोंछ देता हूँ, फिर लिखता हूँ. सही हो गया तो कॉपी में उतार लेता हूँ."

मिलमध्ये लोखंडावर नंबर टाकायला खडू लागतो, तो त्याच्या खिशात कायम असायचा. त्याची वही घरी पोरांच्या हाती लागायची, म्हणून तो मिलच्या आवारात पडलेल्या गंजक्या पत्र्यावर सराव करायचा. पण पुसलेला पत्रा मॅडमला कुठून दाखवणार?

मॅडमनी पक्की वही न वाचता मिटली. "जिसके पास कच्ची नहीं, उसका पक्का नकली. किस फोन से उतारा?"

"मैडम, प्लेट पर..."

"झूठ भी ढंग का बोलना नहीं आता तुमको. परीक्षा में फोन कहाँ छुपाओगे? कल से मत आना."

मी समोरच बसले होते. त्याच्या पँटच्या गुडघ्यांवरचे खडूचे पांढरे डाग मी रोज पाहायचे. तेवढंच सांगायचं होतं, मॅडम, गुडघे पाहा त्याचे. पण तोंड उघडलं असतं तर मॅडमची नजर माझ्याकडे वळली असती, आणि माझी कच्ची वही तर पहिल्या पानापासून बनावट. सगळा क्लास मान खाली घालून बसला. आमच्यात एकच माणूस खरा होता, आणि त्यालाच मॅडम बाहेर काढत होत्या. तिहारूनं तांदळाच्या डब्यातून आपला फोन उचलला, त्याला चिकटलेले दोन दाणे परत डब्यात टाकले आणि चपला घालून निघून गेला.

पुढचे दोन आठवडे तो आला नाही. मॅडमनी त्याचं नाव काढलं नाही, आम्हीही नाही. मग एका संध्याकाळी क्लास चालू असताना दार वाजलं. मॅडम उठल्या, साखळी तशीच ठेवून विचारलं, "कौन?"

"देवांगन, मैडम."

त्यानं फटीतूनच सगळं सांगितलं. परीक्षा झाली होती. त्यानं सगळं लिहिलं, आणि बरोबर लिहिलं, तेच नडलं. ऑफिसचे साहेब म्हणाले, भट्टीवरच्या माणसाला इतकी साफ इंग्लिश कुठून येईल? मधे बाथरूमला गेला होतास, तिथे फोन पाहिला असशील. उद्या अकरा वाजता तुला शिकवणाऱ्याला घेऊन ये. हे तुझंच लिखाण आहे असं त्यानं तोंडावर सांगितलं आणि लिहून दिलं तर ठीक, नाही तर पेपर रद्द.

"अच्छा," मॅडम म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

क्लास सुटल्यावर मला म्हणाल्या, "रंजना, उद्या क्लिनिकले सुट्टी टाक. माह्यासोबत चाल."

"तुम्ही सांगाल ना, मॅडम, त्याचंच आहे म्हणून?"

"जे मी पाहिलं नाही ते कशी सांगू?"

दुसऱ्या दिवशी ऑटोतून आम्ही निघालो. उरल्याच्या रस्त्याला ट्रकांची रांग आणि धूळ, तोंडाला पदर लावून मॅडम बसलेल्या, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. मला रात्रभर झोप नव्हती. आज ही बाई "मला माहीत नाही" म्हणून मोकळी होईल आणि तो माणूस आंधळा होईल, हेच डोक्यात. शेवटी मी बोलून टाकलं.

"मॅडम, माझी कच्ची वही खोटी आहे. सगळ्यांचीच खोटी आहे. पक्कं फोनवरून उतरवतो आणि चुका मागून लिहितो. तुम्हाला दाखवायला."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाल्या, "एव्हरीवनवाली चूक? ते भी?"

"ती पण, मॅडम."

"चांगली चूक होती ते."

त्यानंतर मिलच्या गेटपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं, चिडतील, ऑटोतून उतरवतील. त्या नुसत्या बसून राहिल्या, आणि मला ते जास्त लागलं.

साहेब तरुण होते, बोलायला गोड. आम्हाला खुर्च्या दिल्या. तिहारू दाराशी उभा. साहेबांनी पेपर पुढे सरकवला. "मैडम, बस इतना बता दीजिए. ये इंग्लिश इसी की है?"

मॅडमनी पेपर एकेक ओळ करून वाचला, बोट ठेवून, कर्ता पाहून मग क्रियापद. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाल्या, "मुझे नहीं मालूम."

तिहारूनं मान खाली घातली. मला इतका राग आला की त्या क्षणी उठून निघून जावंसं वाटलं. काय होत होतं दोन शब्द खोटे बोलायला? आम्ही वर्षभर बोलत होतो.

"मैंने इसको ये लिखते नहीं देखा," मॅडम पुढे म्हणाल्या. "आपने देखा?"

"मैंने? नहीं, मतलब, मैं तो..."

"फिर न आपको मालूम, न मुझे. दोनों देख लेते हैं. अभी."

साहेबांनी कोरा कागद आणि पेन काढलं. मॅडमनी ते बाजूला केलं आणि तिहारूकडे वळल्या. "देवांगन, चॉक है? नीचे लिखो. आज सुबह से मिल में क्या-क्या हुआ."

साहेबांच्या केबिनच्या त्या गुळगुळीत फरशीवर तिहारू गुडघ्यांवर बसला. नजर अधू, म्हणून नाक जवळजवळ जमिनीला टेकलेलं. पहिल्या ओळीत दोन ट्रक आले आणि त्यांच्यामागे त्यानं 'इज' लिहिलं. थांबला, ओठ हलवले, तळहातानं पुसून 'आर' केलं. दुसरी ओळ बरोबर गेली. तिसरीत एक रोलर बिघडला होता, 'वन ऑफ द रोलर्स'. तिथे 'आर' लिहून बसला. बराच वेळ पाहत राहिला. मग डाव्या हातानं हवेतच कोणाची तरी कॉलर धरल्यासारखं केलं, जरा ओढलं, आणि 'आर' पुसून 'इज' लिहिलं. चौथ्या ओळीत फर्निचरला एस लावून बसला, तोही पुसला. पाच ओळी होईपर्यंत त्याचा तळहात पांढराफटक झाला होता.

मॅडम खुर्चीतून वाकून पाहत होत्या, मग खुर्चीवरून उतरून सरळ त्याच्या शेजारी फरशीवर बसल्या. गुडघेदुखीची बाई ती, आमच्यासमोर कधी खाली बसली नव्हती. त्या ओळी वाचत नव्हत्या. पुसलेल्या जागा पाहत होत्या, तिथे खालून पुसटसं दिसणारं जुनं अक्षर.

"तीन बार गलत किया इसने," साहेब म्हणाले.

"हाँ," मॅडम म्हणाल्या. "तीनों गलतियाँ इसकी अपनी हैं. लिखने वाला यही है. लाइए, कहाँ दस्तखत करना है?"

साहेबांनी फरशीकडे पाहिलं, पेपरकडे पाहिलं आणि मॅडमपुढे कागद ठेवला. मॅडमनी सही करायच्या आधी तो दोन्ही बाजूंनी वाचून घेतला. पुढच्या सोमवारपासून तिहारूला टेबल मिळालं.

त्यानंतर क्लास वर्षभर चालला. तिहारूची ड्युटी बदलली, तो पुन्हा क्लासला आला नाही. पुढे मॅडम भाचीकडे भिलाईला राहायला गेल्या आणि तिथेच वारल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला जाईन जाईन म्हणत राहिले, गेले नाही. मला त्या दिसतात त्या मात्र भिलाईच्या नाहीत, गुढियारीच्याही नाहीत. त्या दिवशीच्या, मिलच्या गेटवरच्या दिसतात.

आम्ही परत जायला ऑटोत बसलो होतो. तिहारू सोडायला बाहेर आलेला. ऑटोवाल्यानं गाडी चालू केली, तर मॅडमनी त्याला हातानं थांबवलं.

"देवांगन," त्या म्हणाल्या, "उस दिन गलती मेरी थी."

आता आपल्यापैकी कोणी असतं तर म्हणालं असतं, नाही नाही मॅडम, असं कसं, तुम्ही मोठ्या. मीही तेच म्हणाले असते. तिहारूनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संकोचही नव्हता.

"हव, मैडम," तो म्हणाला. छत्तीसगढीत हव म्हणजे हो.

मॅडमनी मान हलवली. गोड बोलला असता तर त्यांनी त्यातलं अक्षरही खरं मानलं नसतं. हे मानलं. चष्मा काढून त्यांनी पदरानं पुसला, पुन्हा घातला, तरी डोळे वाहतच होते आणि त्या ते लपवत नव्हत्या. ऑटो हलला, तेव्हा एरवी प्रत्येकाच्या खांद्यावरून मागे नजर टाकणाऱ्या त्या गेटकडे एकदाही वळून न पाहता बसून होत्या.